साडेसहाशे शब्दांत बाप विकू नका



बारावी झालेली आपली पोरं आता अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायला लागली आहेत. मूठभरच आहेत, पण आहेत. कुणी नवोदयमधून आलेलं, कुणी समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून इंग्रजी रेटलेलं. संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात येतात आणि विचारतात, दादा, ते लहान कॉलेज म्हणजे काय असतं? पैसे खरंच देतात का? निबंधात काय लिहायचं?

त्याच वाचनालयात आपले काही कार्यकर्तेही बसलेले असतात. त्यांचं तोंड कडू होतं. म्हणतात, अमेरिकेला गेलेलं पोरगं चळवळीला मेलं. मी त्यांना एवढंच सांगतो की १९१३ साली एक तरुण बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेला होता. महिन्याला साडेअकरा पौंडांवर राहत होता. तो गेला म्हणून चळवळ मेली नाही. प्रत्येक जाणारा बाबासाहेब होत नाही हे खरंय. पण इथं राहणारा प्रत्येकजण तरी कुठं कार्यकर्ता होतो?

प्रश्न वाट माहीत असण्याचा आहे. प्रस्थापितांच्या घरात ही वाट कुणी छापत नाही. गरजच नसते. त्यांचा एक काका न्यू जर्सीत असतो, एक आत्या बोस्टनला. दिवाळीत फोन लागतो, अर्धं काम फोनवरच होतं. आपल्याला काका नाही. आपला काका म्हणजे हा अंक. म्हणून लिहितोय.

मी २०१४ च्या हिवाळ्यात असे अर्ज केले. २०१५ ते २०१९ चार वर्षं तिथल्या एका लहान कॉलेजात काढली. कॉलेजचं नाव सांगत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही. बाप परभणीच्या मोंढ्यात हमाल. घरात इंग्रजी वाचणारा मी पहिला. एवढी ओळख पुरे.

आधी नाव समजून घ्या. लिबरल आर्ट्स. आपल्याकडं आर्ट्स म्हटलं की लोक नाक मुरडतात. ज्याला सायन्स मिळालं नाही तो आर्ट्सला, अशी आपली वाटणी. तिथं तसं नाही. या कॉलेजांत पदार्थविज्ञान आहे, गणित आहे, इतिहास आहे, चित्रकला आहे. चार वर्षांचा कोर्स. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला ठरवायचा, तोवर चार दिशांचं शिकायचं. मी गणितात पदवी घेतली, पण अमेरिकेतल्या गुलामगिरीचा इतिहास तिथंच शिकलो, मातीची भांडी करायला तिथंच शिकलो. लहान म्हणजे सगळी मिळून हजार-दोन हजार मुलं. वर्गात पंधरा-वीस. प्राध्यापकाला तुमचं नाव माहीत असतं, आणि तुम्ही पुस्तक वाचून आला नाहीत हेही दहा मिनिटांत कळतं. मागच्या बाकावर लपायची सोय नाही.

हे शिक्षण म्हणजे श्रीमंतांचे लाड, असं कुणी म्हणेल त्यानं बाबासाहेबांची कोलंबियातली नोंद पाहावी. कोलंबिया लहान कॉलेज नव्हे, मोठं विद्यापीठ. पण शिकणाऱ्याची वृत्ती बघा. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या माणसानं मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. एकाच खिडकीतून बघितलं असतं तर जात दिसली नसती.

आता एका कॉलेजची गोष्ट सांगतो. मी तिथं शिकलो नाही, पण आपल्या पोरांनी ती माहीत करून घ्यावी अशी आहे. केंटकी राज्यात बेरिया नावाचं कॉलेज आहे. जॉन फी या गुलामगिरीविरोधी पाद्र्यानं १८५५ साली ते सुरू केलं. जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली, म्हणजे काळ साधारण एकच. यादवी युद्ध संपल्यावर बेरियात काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसू लागली. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांच्याच जातकुळीतलं हे काम.

पण व्यवस्था गप्प बसते का? १९०४ साली केंटकी राज्यानं कायदा केला की काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवायचं नाही. कॉलेज कोर्टात गेलं. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. कॉलेज हरलं. काळ्या मुलांना बाहेर जावं लागलं. १९५० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा दार पुन्हा उघडलं. काळ्यांच्या इतिहासाचं शास्त्र उभं करणारा कार्टर वुडसन याच बेरियाचा पदवीधर, १९०३ सालचा. एक वर्ष उशीर झाला असता तर कायद्यानं त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. शिक्षणाचं दार असं असतं मित्रांनो. ते उघडं दिसतं तेव्हा आत शिरायचं असतं.

बेरिया ट्यूशन फी घेत नाही. १८९२ पासून घेत नाही. प्रवेश देतानाच मुलगा गरजू आहे का ते बघतात. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. कुणी ग्रंथालयात, कुणी शेतावर, कुणी फरशी पुसायला. तिथं झाडू बांधायचा एक जुना विभाग आहे, विद्यार्थी तिथं झाडू बांधतात. हे मी वाचलं तेव्हा आधी अंगावर काटा आला. मग विचार केला. आपल्या आयांच्या हातात झाडू जन्मानं आला. तिथं तो वेळापत्रकानं येतो, आणि सगळ्यांच्या हाती येतो. फरक एवढाच आहे आणि फरक केवढा तरी आहे. परदेशातली मुलं मात्र बेरिया दरवर्षी थोडीच घेतं. तेव्हा फक्त तिथं अर्ज टाकून वाट बघत बसू नका.

आता पैसा. पैशाबद्दल लाजून बोलायची सवय आपल्याला लावली गेली आहे. ती सोडा.

यातल्या बऱ्याच कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता ८० हजार डॉलरच्या वर आहे. आकडा बघून अर्ज फाडू नका. हा आकडा श्रीमंतांसाठी असतो. काही कॉलेजं घरची ऐपत मोजतात आणि ती वजा जाता उरलेला सगळा खर्च स्वतः उचलतात. अशी कॉलेजं दोन प्रकारची. एक, जी प्रवेश ठरवताना पैसे मागितलेत की नाही हे बघतच नाहीत. परदेशी मुलांसाठीही असं करणारी लहान कॉलेजं फार थोडी. मॅसॅच्युसेट्समधलं अ‍ॅमहर्स्ट २००८ पासून करतं, मेन राज्यातल्या बोडिननं २०२२ साली तसं जाहीर केलं. दुसरा प्रकार, जी परदेशी मुलाचा अर्ज बघताना त्याला किती द्यावं लागेल याचाही हिशोब करतात. बहुतेक कॉलेजं या दुसऱ्या प्रकारात येतात. तिथं गुण असूनही पैशामुळं नकार येऊ शकतो. तो नकार मनाला लावून घेऊ नका. तो तुमच्या बुद्धीचा निकाल नाही, त्यांच्या तिजोरीचा आहे.

तिसरा प्रकार सापळ्याचा. पत्र येतं, अभिनंदन, तुम्हाला निम्मी शिष्यवृत्ती! घरात पेढे. आणि उरलेले निम्मे म्हणजे वर्षाला ४० हजार डॉलर. चार वर्षांचे किती झाले ते पेढा तोंडात घालायच्या आधी मोजा. घर गहाण टाकून, सावकार गाठून जाऊ नका. शहरातले एजंट लाखभर घेऊन हीच पत्रं आणून देतात. त्यांच्या पायऱ्या चढू नका.

सरकारी शिष्यवृत्तीबद्दल पोरं विचारतात. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतरच्या पदवीसाठी नाही. आणि त्या योजनेचंही बघा. फेब्रुवारी २०२२ च्या नियमावलीत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळून टाकले. म्हणजे १९१६ सालचा तो जातींवरचा निबंध लिहायला आज कुणी निघाला असता तर या नियमानं त्याला पैसे मिळाले नसते. हा योगायोग म्हणायचा का, तुम्हीच ठरवा. तात्पर्य, पदवीला जायचं तर पैसा कॉलेजनंच द्यायला हवा. तशीच कॉलेजं निवडा.

मदतीच्या अर्जात घरचं उत्पन्न, घर, जमीन सगळं विचारतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि इंग्रजीत भाषांतर करून घ्या. बाप माथाडी मंडळात नोंदलेला असेल तर मजुरीचा दाखला मागा. आपल्या राज्यात १९६९ पासून तो कायदा आहे, दाखला मागणं हा हक्क आहे. काहीच कागद नसेल तर तसं सरळ लिहा. बापाच्या व्यवसायाच्या रकान्यात हमाल असेल तर हमाल लिहा. ‘लॉजिस्टिक्स’ लिहू नका, हसतील. अर्जाची फी माफ होते. कॉमन अ‍ॅप नावाच्या एकाच फॉर्मवर शेकडो कॉलेजांना अर्ज जातो, त्यात फी माफीची सोय आहे. बऱ्याच लहान कॉलेजांत सॅट परीक्षा ऐच्छिक आहे, बोडिननं तर १९६९ सालीच ती ऐच्छिक केली. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुधा द्यावी लागते. ड्युओलिंगोची परीक्षा घरबसल्या होते आणि टोफेलपेक्षा स्वस्त पडते. कोणतं कॉलेज काय मानतं ते त्यांच्याच माहितीपत्रकात बघा. लवकरच्या अर्जांची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते, नेहमीच्या अर्जांची साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे तयारी अकरावीच्या उन्हाळ्यातच सुरू करायची.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथं येतो. निबंध.

तिथं आरक्षण नाही. काळ्यांसाठी प्रवेशात जे थोडं झुकतं माप होतं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२३ रोजी बंद केलं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदारानं निबंधात मांडलं, तर कॉलेजला ते विचारात घ्यायला मनाई नाही. म्हणजे जे हक्कानं मिळत होतं ते आता गोष्ट सांगून मिळवायचं. गोष्टीवर भार वाढला. आणि गोष्टीला जागा किती? कॉमन अ‍ॅपच्या मुख्य निबंधाला जास्तीत जास्त ६५० शब्द.

या ६५० शब्दांत बाजार भरतो. मी अर्ज करत होतो तेव्हा एका संस्थेचे मार्गदर्शक भेटले होते. भला माणूस, वाईट हेतू नव्हता. त्यांनी माझी चौकशी केली, बापाचा धंदा विचारला आणि त्यांचे डोळेच चमकले. म्हणाले, “वडिलांच्या पाठीचं लिही. वळ आहेत का? उपाशी झोपलास का कधी? ते लिही. तिकडच्या लोकांना असलं फार भिडतं.”

मी घरी आलो. बाप ओट्यावर बसून कंबरेला तेल लावत होता. मी त्याच्या पाठीकडं बघायला लागलो, आणि लक्षात आलं की मी त्या पाठीचे शब्द मोजतोय. शंभर शब्द कंबरेचे. दीडशे उपासाचे. पन्नास आईच्या लुगड्याचे. आडत्यानं गहू मोजावा तसं.

ते लिहिलं नाही. दुसरं लिहिलं. माझा बाप शाळेत गेलेला नाही, पण दिवसभरात किती पोती उतरवली हे तो कधी चुकत नाही. वीस पोत्यांमागं एक खडा, कोपरीच्या खिशात. संध्याकाळी खडे मोजायचे. हमाली, तोलाई, अडत, कडता हे सगळे हिशोब त्याच्या तोंडावर. एकदा मुनीमाच्या वहीत चाळीस पोती कमी निघाली. बापानं दोन खडे काढून गादीवर ठेवले आणि उभा राहिला. बोलला काही नाही. गाडीवाल्याला बोलावून पुन्हा मोजलं, बापाचं बरोबर निघालं. मी लिहिलं की मला गणित तिथून लागलं. वही ज्याच्या हातात आहे त्याचाच आकडा खरा ठरतो, आणि वहीशिवाय खरं सिद्ध करायचं तर काय करावं लागतं, हा माझा प्रश्न आहे. तो घेऊन मला शिकायचं आहे. महार, हमाल, गरिबी हे सगळं त्या निबंधात होतं. पण त्यात माझा बाप उभा होता. वाकलेला नव्हता.

लिहून झाल्यावर बापाला मराठीत सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. विचारलं,

“कंबर गेल्याचं लिवलं न्हाईस व्हय?”

“नाही लिहिलं बा.”

“बरं केलंस. कंबर माझी हाय. तिला कशाला फिरवतूस जगभर?”

हीच कसोटी मी आता पोरांना देतो. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला समोर बसवून वाचून दाखवा. वाचताना जीभ अडखळली, मान खाली गेली, तर तो निबंध पाठवू नका.

कुणी म्हणेल, मग आपली आत्मकथनं कशी? त्यात भूक आहे, मार आहे, मेलेल्या जनावराचं मांस आहे. आहेच. पण ती कुणाच्या तरी दयेसाठी लिहिली गेली नाहीत. आपल्या माणसांनी आपल्या माणसांना आणि या व्यवस्थेला तोंडावर सांगितलेलं ते आहे. तिथं लिहिणारा आरोपी करतो. प्रवेशाच्या निबंधात लिहिणारा अर्जदार असतो, आणि अर्जदाराच्या हातात दुःख आलं की त्याची वाटी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दुःख लपवा असं मी म्हणत नाही. दुःखाशी तुम्ही काय केलंत, त्यातून कोणता प्रश्न विचारलात, ते लिहा. वस्तीत नळासाठी अर्ज दिला असेल तर तो अर्ज कसा लिहिला ते लिहा. चौदा एप्रिलच्या वर्गणीचा हिशोब ठेवला असेल तर त्यात काय भानगडी झाल्या ते लिहा. धाकट्या भावंडांना शिकवलं असेल तर नेमकं कुठं अडलं ते लिहा. निबंध वाचणारा माणूस दिवसाला कितीतरी निबंध वाचतो. रडणारे त्याला रोज भेटतात. विचार करणारा भेटला की तो थांबतो.

शिफारसपत्रांचं बघा. आपले गुरुजी लिहितात, मुलगा आज्ञाधारक व नम्र आहे. त्यानं काही होत नाही. तुम्ही वर्गात काय विचारलंत, काय करून दाखवलंत, हे एका कागदावर लिहून गुरुजींना द्या, म्हणजे त्यांना लिहायला धरून काहीतरी मिळतं. मुलाखत असेल तर घाबरू नका. ती गप्पांसारखी असते. प्रत्येक वाक्याला सर-सर करायची गरज नाही. समोरच्याला तुम्हीही प्रश्न विचारायचे असतात.

आणि हे प्रश्न जरूर विचारा. विमानाचं तिकीट कोण देतं? आरोग्य विमा मदतीत धरला आहे का? सुट्टीत वसतिगृह बंद झालं तर राहायचं कुठं? बर्फातल्या कपड्यांसाठी काही सोय आहे का? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, तेव्हा हा खर्च मी नंतर भागवीन असं मनात धरून जाऊ नका. व्हिसाचे नियम आणि फी सारखी बदलतात, निघायच्या वर्षी ताजी माहिती घ्या.

शेवटचा प्रश्न असा विचारा: तुमच्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख आहे का? तो विचारायला कचरू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठानं डिसेंबर २०१९ मध्ये तो घातला, मेनमधल्या कोल्बी कॉलेजनं २०२१ मध्ये. कारण जातीचा दाखला तिथं लागत नाही, पण जात तिथं पोचलेली आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका देशबांधवानं जेवणाच्या टेबलावर विचारलं, पूर्ण नाव काय? मग गाव कुठलं? मग जेईईत कितवा आला होतास? तीन प्रश्नांत त्याला हवं ते कळलं. मी म्हणालो, “जेईई दिलीच नाही. मी जय भीमवाला आहे. आणखी काही?” तो भाताकडं बघत राहिला. तुम्हालाही हे प्रश्न येतील. उत्तर आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी घशात अडकत नाही.

कार्यकर्त्यांना एक सांगणं. एखादं पोरगं अर्ज भरत असेल तर त्याला टोमणे मारू नका. त्याच्याबरोबर बसा. तहसीलला त्याच्यासोबत जा. आणि जे जाऊन आलेत, जे अर्ज करून नाकारले गेलेत, त्यांनी आपले निबंध, पैशांचे हिशोब, नकाराची पत्रं वाचनालयात आणून ठेवावीत. एक फाईल करा. नावं खोडा हवी तर. आपल्यात ज्याला माहिती मिळते तो ती मुठीत धरून बसतो, कारण आयुष्यभर हातात काही आलेलंच नसतं. ही मूठ उघडायला शिकलं पाहिजे.

या पानांच्या झेरॉक्स काढा, वाटा. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं रविवारी सकाळी वाचनालयात यावं. येताना निबंधाचा कच्चा खर्डा आणा. आणि घरी वाचून दाखवूनच आणा.

जय भीम.